बॉल पिटचा ‘काळा इतिहास’ सांगणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या ‘बॉल पिटचा काळा इतिहास’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. मॉलमधल्या प्ले एरियात किंवा थीम पार्कमध्ये प्लॅस्टिकच्या रंगीत चेंडूंनी भरलेला जो हौद असतो, त्याच्याविषयी या संदेशात सहा दावे आहेत. हा प्रकार मॅकडोनाल्ड्सने नव्वदच्या दशकात मुलांना भुलवण्यासाठी शोधून काढला. कॅनडातल्या ज्या पार्कमध्ये असे खेळ पहिल्यांदा आले, ते मुलांच्या मृत्यूंमुळे कायमचे बंद झाले. अमेरिकेत तीन वर्षांच्या एका मुलाला चेंडूंत दडलेली हेरॉइनची सुई टोचून तो त्याच संध्याकाळी दगावला आणि आता ‘वाशीतल्या एका मॉलमध्येही’ तसेच घडले. चेंडूंखाली घोणस अंडी घालते. एका चेंडूवर शौचालयापेक्षा जास्त जंतू असतात. आणि म्हणून अमेरिकेच्या सरकारने बॉल पिटवर बंदी घातली. शेवटी ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’ ही विनंती आहेच.

असल्या प्रत्येक संदेशाला उत्तर देत बसणे शक्य नसते. हा मात्र आमच्या घरापर्यंत आला आणि त्याने प्रत्यक्ष नुकसान केले. माझ्या नणंदेचा मुलगा ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपीला जातो. अनोळखी स्पर्श त्याला सहन होत नाही. बनियनची शिवण टोचली तरी तो रडून आकांत करतो. त्याच्या उपचारात बॉल पूलचा, म्हणजे अशाच चेंडूंच्या हौदाचा, वापर होतो, कारण चेंडूंचा हलका आणि सर्व बाजूंनी सारखा दाब अंगावर आला की अशी काही मुले हळूहळू शांत होतात. तो कमरेपर्यंत चेंडूंत उभा राहू लागला होता, आणि नेमक्या त्याच वेळी नणंदेच्या सासूबाईंनी हा संदेश वाचला. “अगं, त्या चेंडूंच्या टाकीत पोराला उतरवू नकोस,” एवढ्या एका वाक्यावर उपचारातला तो भाग थांबला. थेरपिस्ट बाईंनी समजावून पाहिले, पण संदेशात वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख होती, आणि छापील तारखेपुढे माणसाच्या बोलण्याचे वजन कमी पडले. म्हणून हे लिहिते आहे.

आधी इतिहास, कारण संदेशाने मथळ्यातच त्याचा हवाला दिला आहे. कॅनडातल्या टोरोंटो शहरात ओंटारिओ सरोवरात भराव टाकून तयार केलेल्या बेटांवर, तिथल्या प्रांतिक सरकारने मे १९७१मध्ये ‘ओंटारिओ प्लेस’ नावाचे उद्यान खुले केले. आयमॅक्सचे जगातले पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह तिथलेच. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७२मध्ये, तिथे ‘चिल्ड्रन्स व्हिलेज’ हा मुलांसाठीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे रचनाकार होते एरिक मॅकमिलन. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या या गृहस्थांना आज ‘सॉफ्ट प्ले’चे जनक मानले जाते.

त्यांनी काय वेगळे केले, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. तोवर अशा उद्यानांतली लहान मुलांची करमणूक म्हणजे मुख्यतः मुलाला एखाद्या पाळण्यात किंवा गाडीत बसवून यंत्राने फिरवायचे आणि वेळ संपली की उतरवायचे, अशीच होती. मॅकमिलन यांनी यंत्र बाजूला काढले आणि हालचाल मुलाच्या अंगात आणली. टांगलेल्या मोठमोठ्या पिशव्यांचे एक ‘जंगल’ होते, ज्यात मुलांनी पिशव्या ढकलत, धक्के देत आणि खात वाट काढायची. फोमच्या तुकड्यांची एक ‘दलदल’ होती, जिच्यातून रुतत रुतत पलीकडे जायचे. चढायला जाळी होती, उड्या मारायला हवेने फुगवलेली प्रचंड गादी होती. पाण्याच्या खेळांचा भाग १९७३मध्ये जोडला गेला, आणि त्यातही पाणी कुठे व कसे उडवायचे हे मुलेच ठरवत. आज आपल्याकडच्या वॉटर पार्कमध्ये लहानग्यांच्या विभागात जे नळ, चाके आणि पाण्याच्या बंदुका दिसतात, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. पडले तरी लागू नये आणि काय करायचे ते मुलाने स्वतः ठरवावे, या दोन गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या.

चेंडूंचा हौद यानंतरचा. अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या ‘सीवर्ल्ड’ या पार्कमध्ये १९७६मध्ये ‘कॅप्टन किड्स वर्ल्ड’ नावाचा मुलांचा विभाग झाला. तिथल्या चेंडूंच्या हौदाला पहिला बॉल पिट मानले जाते आणि त्याचे श्रेय मॅकमिलन यांनाच दिले जाते. तेव्हा त्याला ‘बॉल क्रॉल’ म्हणत, म्हणजे चेंडूंतून रांगत जाण्याचा खेळ. ही कल्पना त्यांना कशी सुचली, याची हकीगत प्रसिद्ध आहे: स्वयंपाकघरात व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या कांद्यांची काचेची बरणी समोर होती, आणि त्या गोल गोल कांद्यांतून माणसाला सरपटत जाता आले तर कसे वाटेल, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढे १९८०मध्ये पेनसिल्व्हेनियात ‘सेसमी प्लेस’ उघडले, तेव्हा मॅकमिलन यांच्या जोडीला मिल्टन ग्लेझर यांच्यासारखा नामवंत आरेखनकार होता, आणि तिथेही चेंडूंचा हौद होताच. लहान मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा त्या पार्कमध्ये सहभाग होता.

म्हणजे नव्वदच्या दशकात कुणा बर्गर कंपनीने बॉल पिट शोधून काढला, हे विधान तारखांवरच कोसळते. त्यातला अर्धा खरा भाग मान्य करते: लहान मुलांचे खेळघर दाखवून पालकांना उपाहारगृहात आणण्याचा व्यवसाय अमेरिकेत जोरात चालला. ‘डिस्कव्हरी झोन’ ही खेळघरांची साखळी १९८९मध्ये निघाली, आणि मॅकडोनाल्ड्सनेही १९९१मध्ये ‘लीप्स अँड बाउंड्स’ नावाने तसलाच स्वतंत्र उद्योग सुरू केला. मुलांच्या हट्टावर धंदा करणे मला मुळीच पसंत नाही. पण धंदा करणे वेगळे आणि शोध लावणे वेगळे. ज्या कंपनीचे भारतातले पहिले उपाहारगृह १९९६मध्ये उघडले, तिच्या माथी वीस वर्षे आधीच्या खेळाचा ‘कट’ मारणाऱ्याने एकही तारीख तपासलेली नाही.

कॅनडातल्या पार्कच्या ‘मृत्यूंबद्दल’ फार लिहिण्याची गरज नाही. ओंटारिओ प्लेसमधले बहुतेक विभाग प्रांतिक सरकारने २०१२मध्ये बंद केले ते घटलेली गर्दी आणि वाढता तोटा या कारणांसाठी. सॅन दिएगोचे सीवर्ल्ड आणि पेनसिल्व्हेनियातले सेसमी प्लेस आजही चालू आहेत.

आता सुईचा मुद्दा. संपूर्ण संदेशात सर्वांत घातक भाग हाच आहे.

ही कथा इंग्रजी ईमेलच्या स्वरूपात १९९९च्या सुमारास फिरू लागली. तिच्यात एक आई सांगते की तिसऱ्या वाढदिवशी मुलाला बॉल पिटमध्ये खेळायला सोडले, काहीतरी टोचल्याची तक्रार त्याने केली, घरी आल्यावर तो आजारी पडला आणि गेला. पुढे त्याच्या शरीरात तुटलेली सुई सापडली आणि मृत्यू हेरॉइनने झाल्याचे निघाले. पुरावा म्हणून ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ या दैनिकाचा आणि ऑक्टोबर १९९४मधल्या एका तारखेचा उल्लेख असतो. आपल्याकडच्या मराठी संदेशातही तोच आहे, आणि नणंदेच्या सासूबाईंना पटला तोही तोच. अशी कोणतीही बातमी आपण छापलेली नाही, हे त्या दैनिकाने तेव्हाच स्पष्ट केले होते. ज्या एका हवाल्यावर सगळी कथा उभी आहे, तो हवालाच खोटा आहे आणि हे उघड होऊनही पाव शतक उलटले.

हवाला सोडा, कथेतली घटना तरी घडू शकेल का ते पाहू. सिरिंजमधले द्रव्य शरीरात जाते ते मागचा दट्ट्या दाबल्यावर. बेवारस पडलेल्या सुईवर मूल बसले तर दट्ट्या दाबला जात नाही. सुईच्या बारीक नळीत राहिलेला अंश एखाद्या थेंबाएवढाही नसतो. त्यातही तो भाग वाळलेला असणार. शिवाय पोकळ चेंडूंच्या हौदात सुई उभी राहत नाही. चेंडू सरकतात आणि जड, बारीक वस्तू तळाशी जाऊन आडवी पडते. हेरॉइनचा प्राणघातक परिणाम श्वास मंदावून होतो आणि त्यासाठी औषधाची पुरेशी मात्रा रक्तात जावी लागते. टोचलेल्या सुईने हे सगळे होणे वैद्यकीयदृष्ट्या पटणारे नाही.

वाशीतल्या ‘घटनेचे’ काय? संदेशात मॉलचे नाव नाही, तारीख नाही, रुग्णालय नाही, पोलीस ठाणे नाही. वाशीत एखादे मूल मॉलमध्ये सुई टोचून दगावले असते तर शवविच्छेदन झाले असते, गुन्हा नोंदला गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक बातम्यांत दुसरा विषय नसता. कथा ह्यूस्टनमधून उचलून वाशीत ठेवली आहे, एवढाच तिचा नवी मुंबईशी संबंध. सिनेमागृहाच्या खुर्चीत एड्सची सुई खोचून ठेवलेली असते, ही अफवा ज्यांना आठवत असेल त्यांना हा साचा ओळखू येईल. तेव्हाही लोक थिएटरात बसण्यापूर्वी खुर्ची चाचपून पाहत होते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने त्या अफवांची दखल घेऊन, अशा सुईमुळे एचआयव्हीची लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळलेले नाही, असे सांगितले होते.

कुठेही, बागेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर, मुलाला टाकून दिलेली सुई टोचली तर काय करायचे हे मात्र प्रत्येक पालकाला माहीत असावे: जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, जखम पिळू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या लसींचा विचार करावा लागतो. संदेश लिहिणाऱ्याला मुलांची खरोखर काळजी असती तर ही दोन वाक्ये त्यात असती.

सापाचा दावा तर मूळ इंग्रजी संदेशात रॅटलस्नेकचा होता. रॅटलस्नेक फक्त अमेरिका खंडांत आढळतो, म्हणून मराठीत येताना त्याची घोणस करण्यात आली. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. येऊरच्या डोंगराला लागून राहणाऱ्यांना पावसाळ्यात साप दिसतात हे खरे आहे. पण साप अडगळीच्या, शांत आणि उंदीर मिळतील अशा जागी जातो. दिवसभर मुले उड्या मारत असलेल्या, वरच्या मजल्यावरच्या वातानुकूलित हौदात तो मुक्काम करत नाही.

जंतूंच्या मुद्द्यावर मला थोडे मागे यावे लागते, आणि ते मी नाखुशीने का होईना, पण स्पष्टपणे करते. ‘अमेरिकन जर्नल ऑफ इन्फेक्शन कंट्रोल’ या नियतकालिकात २०१९मध्ये नॉर्थ जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जॉर्जिया राज्यातल्या सहा फिजिओथेरपी केंद्रांतल्या बॉल पिटमधून, वेगवेगळ्या खोलीवरून प्रत्येकी ९ ते १५ चेंडू काढून तपासण्यात आले. त्यांवर जिवाणूंच्या ३१ प्रजाती आणि यीस्टची एक प्रजाती सापडली; त्यांपैकी नऊ जिवाणू आणि ते यीस्ट संधी मिळाल्यास आजार करू शकणारे होते. काही चेंडूंवर जिवाणूंची संख्या हजारांत होती. म्हणजे चेंडू अस्वच्छ असू शकतात, आणि उपचारकेंद्रांतलेही असू शकतात, हे खरे आहे.

पण तो अभ्यास आणखी काय सांगतो, तेही वाचावे. केंद्राकेंद्रांत फरक मोठा होता, आणि संशोधकांनी बोट ठेवले ते स्वच्छतेच्या ठरलेल्या पद्धतीच्या अभावावर. शौचालयाशी तुलना त्यात नाही. कुणी मूल आजारी पडल्याची नोंद त्यात नाही. बॉल पिट बंद करा, असे तर कुठेच म्हटलेले नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे किंवा अंगावर उघडी जखम आहे, अशा मुलांबाबत जपावे, हा त्यातून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष आहे, आणि तो मी नणंदेलाही सांगितला. संदेशातल्या सहा दाव्यांपैकी हा एकच असा आहे की ज्याच्या मागे काहीतरी आहे, आणि त्यालाच संदेशाने एका ओळीत गुंडाळले, कारण स्वच्छतेची चौकशी करण्यात सुईइतका थरार नाही.

बंदीचा दावा धादांत खोटा आहे. अमेरिकेत बॉल पिटवर देशव्यापी बंदी नाही. अनेक उपाहारगृहांनी काळाच्या ओघात ते काढून टाकले, कारण चेंडू वेळोवेळी धुणे जिकिरीचे आणि खर्चाचे असते. २०२०मध्ये कोविडमुळे खेळघरे बंद राहिली, तशी आपल्याकडची मॉलमधलीही राहिली. यांपैकी कशालाही सरकारी बंदी म्हणत नाहीत.

ज्या पालकांना हा संदेश वाचून काहीतरी करावेसे वाटले आहे, त्यांनी प्ले एरियाच्या काउंटरवर पैसे भरण्यापूर्वी हे विचारावे: चेंडू धुतात की नुसते पुसतात, आणि किती दिवसांनी, एखाद्या मुलाने हौदात उलटी किंवा लघवी केली तर हौद रिकामा करतात का, तळ शेवटचा कधी साफ केला, आणि मोठ्या मुलांना लहानग्यांच्या वेळेत आत सोडतात का. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण चेंडूंखाली बसलेले लहान मूल वरून उडी मारणाऱ्याला दिसत नाही. उत्तर टाळले गेले तर मुलाला आत सोडू नये. थेरपी केंद्रातही हेच विचारावे. चांगल्या केंद्राला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि ज्या गटांवर तो संदेश आला आहे तिथे, वाशीतल्या मॉलचे नाव आणि तारीख काय, एवढे पाठवणाऱ्याला सर्वांसमोर विचारावे.