ज्याच्या तोंडाला काळे लागले, त्याचे काय?

२०२५ च्या फेब्रुवारीत माझी आक्का कोल्हापूरच्या बसस्थानकावर तीन तास अडकून पडली होती आणि मी इकडे कॅनडातल्या किचनर शहरात रात्री दोन वाजता फोनवर तिला "निपाणीपर्यंत तरी वडापची जीप मिळते का बघ" असे सांगत होतो. बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीपाशी कर्नाटक परिवहनच्या एका वाहकाला भाषेच्या वादातून मारहाण झाली होती, त्याची प्रतिक्रिया म्हणून चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले होते आणि सीमेवरून जाणारी बससेवा थांबली होती. पुढचे आठ दिवस मी बेळगावची मराठी वर्तमानपत्रे आणि ओळखीच्यांच्या चर्चा वाचत राहिलो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, बेळगावसह सीमाभागासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, कर्नाटकात फलकांवरच्या ६० टक्के कन्नडची सक्ती, हे सगळे त्यात आले. त्या वाहकाला आणि त्या चालकाला आता काय हवे आहे, हा प्रश्न मात्र माझ्या वाचनात कुठेच आला नाही.

हा प्रश्न मला सुचावा याचे कारण माझा इथला उद्योग. मी मूळचा बेळगावातल्या अनगोळचा. गेली सहा वर्षे मी इथे स्वयंसेवकांची एक लहान संस्था चालवतो, जी 'रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिस'चे काम करते. घरात आम्ही त्याला नुसते 'सांधणे' म्हणतो. एखादी आगळीक घडली की कोणता नियम मोडला आणि शिक्षा किती, एवढ्यावर न थांबता कोणाला काय लागले आणि ते भरून काढण्यासाठी कोणी काय करायचे, हे संबंधितांनीच समोरासमोर बसून ठरवावे, अशी ही पद्धत आहे. तिची एक सुरुवात आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या एल्मायरा गावात झाली. १९७४ मध्ये दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी टायर फाडले, काचा फोडल्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारात जाऊन उभे राहायला लावले आणि पुढे त्या दोघांनी नुकसानभरपाईही दिली.

आमच्याकडच्या एका बैठकीचे सांगतो. तपशील बदलले आहेत. सतरा वर्षांच्या मुलाने एका वृद्ध बाईंच्या खिडकीची काच फोडली होती. तो पैसे घेऊन आला होता, पण बाईंनी पाकिटाकडे पाहिलेही नाही. त्यांना एकच विचारायचे होते: माझेच घर का? तो बराच वेळ बुटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुमचा दिवा बंद होता." चार महिने त्या बाई कोणीतरी आपल्यावर डूख धरून आहे या भीतीने दिवा लावून झोपत होत्या.

अशा तासाभराच्या बैठकीआधी दोन्ही बाजूंकडे तीन-तीन, चार-चार वेळा जावे लागते, आणि संस्था चालवणे म्हणजे मुख्यतः स्वयंसेवकांना हा कंटाळवाणा भाग करायला लावणे आणि निवाडा देण्यापासून रोखणे. दुसरे काम अधिक अवघड. पहिल्या वर्षी मीच चुकलो. आमच्या गावच्या पंच कमिटीच्या बैठका लहानपणी चावडीच्या कट्ट्यावरून पाहिलेल्या, त्याच सुरात मी एका बाईंना म्हणालो, "पोर माफी मागतंय, आता विषय संपवू या." त्या उठल्या, कोट घातला आणि निघून गेल्या. त्यांचे बरोबर होते. मी त्यांच्या दुखण्याची तडजोड परस्पर करून टाकली होती.

म्हणूनच 'हे तर आपले पंच पूर्वीपासून करत आले' असे गावाकडून कोणी म्हटले की मी अर्धाच होकार देतो. पंचांकडे वजन असते, लोक ऐकतात, हे खरे. पण तिथे बोलतो पंच, आणि ज्याला लागले तो मान खाली घालून उभा असतो, त्यात ती बाई असेल तर पाहायलाच नको. महाराष्ट्राने २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली, तिचाही भर तंटे मिटवण्यावर होता. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात परिसराची शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात दोन्ही पक्षांची संमती आधी लागते. मला ही संमतीची अटच महत्त्वाची वाटते.

बेळगाव महाराष्ट्रात यावे यासाठीच्या सीमालढ्यात आयुष्य घालवलेल्या एका मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो भडकला. "तिकडे बसून समेट शिकवू नको. समेट म्हणजे शेवटी आम्हीच गप्प बसायचे." त्याच्या रागाला आधार आहे. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करणाऱ्या आणि १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिन पाळणाऱ्या माणसाला सौहार्दाचे आवाहन बहुधा सरकारी पत्रकातूनच ऐकू आलेले असते. पण भूभाग कोणाचा हे न्यायालय ठरवील. वाहकाच्या गालावरच्या थपडेचा निकाल त्या दाव्यात लागणार नाही. शिवाय समेटाने गुन्हा पुसला जात नाही. सरकारी नोकराला मारहाणीचा खटला आपल्याकडे आपसात मिटवता येत नाही, तो चालावाच. बैठक त्याच्या बरोबरीने होऊ शकते.

मी राहतो ते शहर १९१६ पर्यंत बर्लिन होते. महायुद्धात जर्मन वंशाच्या रहिवाशांवर संशय वाढला, उद्यानातला जर्मन सम्राट कैसरचा अर्धपुतळा तळ्यात फेकला गेला आणि अखेर मतदान घेऊन शहराला ज्या लॉर्ड किचनरचे नाव दिले, तो कधीकाळी हिंदुस्थानातल्या लष्कराचा सरसेनापती होता. बेळगावचे २०१४ मध्ये बेळगावी झाले तेव्हा मला ही गोष्ट आठवली. इथे आज नावावरून फारसे कोणी भांडत नाही. पण त्या काळी शेजाऱ्याने शेजाऱ्याला काय केले, हे विचारायला आता कोणी उरलेलेही नाही.

मित्राने महिन्याभराने स्वतःहून फोन केला. बेळगावात अशी बैठक घ्यायची तर ती कुठल्या भाषेत, हा त्याचा पहिला प्रश्न. ज्याने त्याने आपापल्या, मी म्हणालो; रविवार पेठेत हळदीचा भाव करताना मराठी आणि कन्नड दोघांनाही दोन्ही भाषा कळतात. मग जागेवर अडले. एक सभागृह महाराष्ट्र एकीकरण समितीचे, दुसरे कन्नड संघटनेचे, मठात हा येणार नाही, मंदिरात तो. शेवटी म्हणाला, वडगावात मेव्हण्याची यंत्रमागाची शेड आहे, माग विकून झाले, रिकामीच पडली आहे. वीस खुर्च्या मावतील, पण पंखा नाही.