एका स्टारला उत्तर: .४४ ची काडतुसं का दिली नाहीत, आणि होलो पॉइंटला तोंड वाकडं का केलं

नमस्कार साहेब,

आमच्या बंदूक-काडतुसांच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार आणि चार तक्रारी: लायसन्स दाखवूनही .४४ मॅग्नमची काडतुसं दिली नाहीत, टेक्सासला डुकराच्या शिकारीसाठी होलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली गोळी) नेणार म्हटल्यावर 'मालकाने तोंड वाकडं केलं', अर्धा तास लेक्चर झोडलं, आणि बोलणं चालू असताना शटर ओढलं. एरवी आम्ही रिव्ह्यूंना उत्तरं देत बसत नाही. पण तुमचा वाचून आणखी दोघे जण 'होलो पॉइंटमध्ये वाईट काय?' विचारायला आले, तेव्हा एकदाच नीट लिहून टाकतो.

शटरचं आधी. चूक आमची. दीडला बंद करतो म्हणून पोराने सवयीने शटर अर्धं खाली घेतलं आणि तुम्हाला वाकून बाहेर पडावं लागलं. तुमचा गुडघा दुखतो हे तुम्ही आल्या आल्या सांगितलं होतं, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. माफ करा. त्याच पोराने 'डुकराला .३५७ ची कुठलीही चालते' असं ठोकून दिलं, तेही चूक. तो नेमबाज आहे, बालेवाडीला सरावाला जातो. त्याची सगळी हयात .२२ आणि कागदी टार्गेटवर गेली. कागदाला कातडी नसते.

.४४ चं मात्र ऐकून घ्या. तुमच्या परवान्यावर एक .३२ रिव्हॉल्व्हर चढवलेलं आहे. परवान्यावर जो बोअर (नळीचं माप), त्याचीच काडतुसं, तीही कोट्यात, आणि प्रत्येक विक्रीची नोंद तुमच्या परवान्यावर आणि आमच्या रजिस्टरात. 'पन्नासच तर मागतोय' म्हणालात. पन्नास सोडा, एक दिलं तरी दुकानाला कायमचं कुलूप लागेल. शिवाय द्यायला ती आहेत कुठे? शोकेसमध्ये तुम्हाला दिसलं ते .४४ आजोबांच्या वेळचं, नुसतं दाखवायचं. कडेला भोक पाडलेलं आहे, आत दारू नाही.

आजोबांच्या काळात हे दुकान शिकाऱ्यांवरच चालायचं. भोर, वेल्ह्याकडची माणसं एल.जी., एस.जी.ची, म्हणजे मोठ्या छर्र्यांची, काडतुसं न्यायला यायची. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आला आणि तो धंदा आटला. बरं झालं असं माझं मत, आजोबांचं नव्हतं. आज डुकरं उभं पीक लोळवून गेली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. तुम्ही जाता जाता म्हणालात, 'मित्राचं शेत आहे मावळात, एकदा हात साफ करून जातो.' माझा आवाज चढला तो तिथे. त्याबद्दल माफी मागणार नाही.

आता होलो पॉइंट.

आठवत असेल, काउंटरवर मी दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी केली होती. एक तुमचं .३२, बुडावर के.एफ. शिक्का, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचं. दुसरं ते भोकवालं .४४. .३२ ची गोळी साधारण ९८ ग्रेनची, सव्वासहा ग्रॅमच्या जरा वर. .४४ ची २४० ग्रेन, साडेपंधरा ग्रॅम. नळीतून निघताना पहिलीत शंभर फूट-पाउंडांच्या (गोळीचा जोर मोजायचं माप) आसपास जोर असतो, दुसरीत हजाराच्या. दहापट. तुमचे डोळे चमकले ते मी पाहिलं. पण साध्या .३०-०६ रायफलीत हाच आकडा २,८०० च्या घरात जातो, हे मी पुढे सांगत होतो तेव्हा तुम्ही फोनवर व्हिडिओ शोधत होता.

सगळी गोम तिथेच आहे. रायफलची गोळी सेकंदाला अडीच-पावणेतीन हजार फूट वेगाने शिरते, तेव्हा नुसत्या वेगाने आजूबाजूचं मांस ताणलं जाऊन फाटतं. हँडगनची, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची, गोळी बाराशे-चौदाशे फुटांवर असते. तिला ती करामत जमत नाही. ती जनावर मारते भोक पाडून. भोक फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेलं पाहिजे, जमल्यास पलीकडूनही बाहेर पडलं पाहिजे, म्हणजे रक्ताचा माग मिळतो. हँडगनने मोठं जनावर मारायचं तर पहिला प्रश्न 'किती फुलते' हा नसतो, 'किती खोल जाते' हा असतो.

होलो पॉइंट म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी. ओल्या मांसात शिरली की खळग्यात दाब तयार होतो आणि गोळी छत्रीसारखी उघडते. हँडगनच्या बऱ्याचशा होलो पॉइंट घरात घुसलेल्या चोरासाठी, पोलिसांच्या कामासाठी बनवतात, कारण तिथे गोळी पलीकडे जाऊन भलत्यालाच लागायला नको असते. लवकर थांबणं हा तिथे गुण. तुम्ही दाखवलेल्या व्हिडिओत जेलीच्या ठोकळ्यात ती फुलासारखी उमलली, हे खरं. पण पोसलेल्या नर डुकराच्या खांद्यावर चामड्याखाली जाड, चिवट ढाल असते. नर एकमेकांशी भांडतात तेव्हा सुळ्यांपासून तीच वाचवते. ढाल, वर वाळलेला चिखल, खाली खांद्याचं हाड. बचावासाठी बनवलेली हलकी गोळी तिथे वरच्या वर उघडते, आणि उघडलेली छत्री पुढे ढकलणं किती कठीण ते लक्ष्मी रोडवर भर पावसात चालून बघा. जनावर पळतं, झुडपात जाऊन दोन दिवसांनी मरतं. मी तोंड वाकडं केलं ते या चित्रासाठी.

म्हणून म्हटलं, तुमच्या अमेरिकेतल्या भाच्याला सांगून .४४ मध्ये कडक शिशाची, रुंद सपाट नाकाची गोळी मागवा. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ओततात, अमेरिकेत तिला हार्ड कास्ट म्हणतात. २४० ते ३०० ग्रेनची पुरे. ती उघडत नाही, वाकडी होत नाही, रेटत जाते. आणि नाक सपाट असल्यामुळे गोल नाकाच्या गोळीपेक्षा भोक जास्त मोकळं पाडते. शिसं नको असेल तर अखंड तांब्याच्या गोळ्या मिळतात. डुकराचं हृदय हरणापेक्षा पुढे आणि खाली असतं, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. हरणाच्या हिशोबाने मागे नेम धरलात तर पोट फुटेल, आणि मग गोळी कुठलीही असो.

होलो पॉइंटशी माझं वैर नाही. तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, पातळ कातडीच्या जनावराला, शिकारीसाठीच बनवलेली २४० ग्रेनची होलो पॉइंट किंवा सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडं शिसं असलेली) उत्तम. खोक्यावर 'हंटिंग' आहे की 'डिफेन्स', एवढं तरी वाचून घ्या.

तुमचा पुढचा बेत कोलोरॅडोत एल्कचा, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाचा. तिथे माझाच सल्ला तुम्हाला गोत्यात आणेल. त्या राज्यात मोठ्या जनावरासाठी हँडगनची गोळी उघडणारीच हवी, नळी किमान ४ इंच, आणि ५० यार्डांवर किमान ५५० फूट-पाउंड जोर. म्हणजे टेक्सासात चालणारी कडक शिशाची गोळी तिथे बेकायदा. तिकडे जाड भिंतीची, आवरण शिशाला घट्ट चिकटवलेली गोळी घ्या, उशिरा आणि बेताने उघडणारी. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. राज्य बदललं की खोकं बदलतं. आपल्याकडे आरटीओ बदलल्यावर होतो तसला वैताग.

लेक्चरमधली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही रिव्ह्यूत लिहिलीच नाहीत, म्हणून पुन्हा सांगतो. तुम्ही पर्यटक व्हिसावर जाताय. अशा माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. त्यातून सुटायची सरळ वाट म्हणजे कुठल्या तरी राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. भाचा म्हणेल, 'मामा, टेक्सासात खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला २०१९ पासून लायसन्स लागत नाही.' खरंय त्याचं. ते डुकरापुरतं. तुमच्या व्हिसावर बंदूक हातात घ्यायलाच ते लायसन्स लागतं. आधी ते काढा, मग चाप ओढा. कोलोरॅडोत त्याआधी हंटर एज्युकेशनचीही (शिकारीच्या प्रशिक्षणाची) अट आहे. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती लागू आहे, आणि तुम्ही तर माझ्या थोरल्या भावाच्या वर्गातले.

'मग .५०० च घेतो, प्रश्नच मिटला,' असंही तुम्ही म्हणाला होतात. २००३ साली निघालेलं ते काडतूस अडीच हजार फूट-पाउंडांच्या घरात जातं, मान्य. पण वर्षभरात तुम्ही .३२ च्या किती गोळ्या नेता ते तुमच्याच परवान्यावर लिहिलंय: एकवीस. .५०० चा पहिला बार मनगटाला कळतो, दुसऱ्या बाराच्या आधीच डोळे मिटतात, आणि तिसऱ्याला माशी (नळीवरची नेमाची खूण) कुठे आणि डुक्कर कुठे. 'आधी निशाणा शिका' हे मी चार गिऱ्हाइकांसमोर बोललो, ते तुम्हाला लागलं. समोर बोलायला नको होतं, बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. .४४ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल हे सौम्य काडतूस बिनधोक चालतं. सराव त्याने सुरू करा आणि शेवटचे दोन दिवस शिकारीच्याच काडतुसांवर नेम बसवून घ्या, कारण गोळीचं वजन बदललं की फटका वर-खाली होतो. पन्नास यार्डांपलीकडे बार काढू नका. तुमच्या हाताला पंचवीससुद्धा पुष्कळ.

भाच्याकडे जुनं काउबॉय पद्धतीचं .४५ कोल्टही आहे म्हणालात. .४५ कोल्टची जोरकस शिकारी काडतुसं बाजारात मिळतात, ती फक्त मजबूत, नव्या बांधणीच्या रिव्हॉल्व्हरसाठी असतात. जुन्यातही ती आरामात बसतात, धोका तोच आहे. सिलिंडर फुटला तर बोटं जातील. खोक्यावरचा इशारा बारीक अक्षरांत असतो, चष्मा लावून वाचा.

इअरमफ महाग लावले म्हणालात. छापील किमतीलाच दिलेत, बिल तपासा.

परत येताना बॅगेचा एकूण एक कप्पा उलटा करून झटका, जाकिटाचे खिसेसुद्धा. विसरून राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं तर आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा, आणि 'आठवण म्हणून आणलं' हे तिथे कुणी ऐकत नाही. रिकाम्या पितळी पुंगळ्याही आणू नका.

निघायच्या आधी भाच्याकडून त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवरच्या अक्षरांचा आणि काडतुसांच्या खोक्याचा, पुढून-मागून, फोटो मागवा आणि घेऊन या. फुकट बघून देतो. स्टार एकच ठेवलात तरी. गुरुवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी सव्वापर्यंत या. पोराला सांगून ठेवलंय, तुम्ही आत असेपर्यंत शटरला हात लावायचा नाही.