कॅसिनोत एक तास, बास!

पाहुण्यांना दोन दिवसांत लास व्हेगास दाखवायचं तर दोन्ही दिवस स्ट्रिपवरच (म्हणजे तिथल्या कॅसिनो-हॉटेलांच्या रस्त्यावरच) घालवा, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही बुवा.

माझा लातूरचा शाळेतला दोस्त तिथंच राहतो. आम्ही नवरा-बायको गेलो तेव्हा गडी आधीच म्हणाला, "कॅसिनोत एक तास, बास. आत ना घड्याळ दिसतंय ना खिडकी, बसलास की उठायचा नाहीस!" मी वीस डॉलर घालवून उठलो. बेलाजिओ हॉटेलसमोरची कारंजी मात्र फुकटात मनसोक्त बघितली. (स्ट्रिपचा बहुतेक भाग लास व्हेगासच्या हद्दीतच येत नाही, ही माहिती त्याचीच.)

खरी मजा दुसऱ्या दिवशी. हूवर धरण! १९३५ साली बांधून झालेलं, २२१ मीटर उंच. पण माझी नजर खिळली ती धरणामागच्या लेक मीड जलाशयाच्या कडेच्या कातळावर. पाणी खाली गेलेलं आणि वर पांढराफटक पट्टा, एके काळी पाणी तिथवर असायचं त्याची खूण. आम्ही लातूरकर, २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं. बायको म्हणाली, "अहो, हे तर आपलं मांजरा धरणच की!" हसलो, पण नंतर बराच वेळ कुणी बोललंच नाही.

आता दिवाळीत तो दोस्त तिथल्या दोघा मित्रांना घेऊन इकडं येतोय. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, हे आत्ताच कळवून ठेवलंय. खरोशाची लेणी तर घरापासून जवळच.