सिनेमा बघून आलेल्या माणसाला गारद कसं करावं

'ड्यून' या फ्रँक हर्बर्टच्या विज्ञानकादंबरीचा चाहता होणं सोपं आहे. कादंबरी वाचायची, आवडली की आवडली म्हणायचं, झालं. 'ड्यून'चा खरा चाहता होणं मात्र येरागबाळ्याचं काम नव्हे. हल्ली डेनी विलनव या दिग्दर्शकाचे तिच्यावरचे दोन बऱ्यापैकी सिनेमे येऊन गेल्यामुळे कुणीही सोम्यागोम्या उठतो आणि अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह, तिथलं स्पाइस नावाचं मौल्यवान द्रव्य, वाळूतले अजस्र किडे असल्या गोष्टी तोंडात घेतो. अशांना वेळीच आवर घातला नाही, तर ते खुशाल आनंद लुटत बसतील. आमच्या मित्रमंडळात हा आवर घालण्याचं शास्त्र फारच पुढे गेलेलं आहे. त्याचा लाभ सर्वांना व्हावा म्हणून या सूचना.

पहिली. समोरचा "मस्त होता सिनेमा" म्हणाला की लगेच विचारा, "पुस्तक वाचलंय का?" 'नाही' म्हणाला तर विषय संपला. 'हो' म्हणाला तर "किती?" असं विचारा. फ्रँक हर्बर्टने या मालिकेत सहा कादंबऱ्या लिहिल्या. सहाही वाचल्यात म्हणाला, तर त्याच्या मुलाने पुढे लिहिलेल्या वाचल्या का ते विचारा. त्याही वाचल्यात म्हणाला, तर कीव आल्यासारखं बघा आणि म्हणा, "त्या कसल्या वाचतोस!"

दुसरी. "या पुस्तकावर सिनेमा होणंच शक्य नाही" हे अधूनमधून म्हणत राहा, आणि मधल्या वेळात झालेल्या सिनेमाच्या चुका काढा.

तिसरी सूचना पात्रांच्या मनातल्या विचारांबद्दल. कादंबरीत माणसं तोंडाने बोलतात त्याच्या दुप्पट मनातल्या मनात बोलतात, आणि एकाच प्रसंगात लेखक तिघांच्या डोक्यांत फिरून येतो. १९८४ साली डेव्हिड लिंचने आपल्या सिनेमात ते विचार पात्रांच्या कुजबुजत्या आवाजात ऐकवले. त्यावर पोट धरून हसा. डेनी विलनवने ती कुजबुज काढून टाकली, चेहरे ठेवले, शांतता ठेवली. त्यावर "खोली गेली हो सगळी" म्हणून उसासा सोडा. नायक पॉलच्या धाकट्या बहिणीचं, आलियाचंही तेच. आईच्या पोटातच सगळं जाणून बसलेली ती पोर लिंचने चालती-बोलती दाखवली, तर ती हास्यास्पद वाटली. विलनवने कथेतली मधली दोन वर्षं काही महिन्यांवर आणली आणि तिला जन्मालाच येऊ दिलं नाही, तर हा घोर अन्याय. काय केलं असतं तर चाललं असतं, हे कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका. खरा चाहता उत्तरं देत नाही.

लिंचच्या वेळी अमेरिकेतल्या काही थिएटरांत प्रेक्षकांना शब्दार्थांचा छापील कागद वाटला होता, तो किस्सा जरूर सांगा. हर्बर्टने स्वतःच कादंबरीच्या शेवटी लांबलचक शब्दसूची जोडली आहे, ते नका सांगू.

चौथी. काय काय गाळलं याची यादी तोंडपाठ हवी. विलनवच्या सिनेमांत मेजवानीचा प्रसंग नाही. पॉलच्या घराण्याचा सल्लागार थुफिर हवात पहिल्या भागात आहे, दुसऱ्यात गायब. (दुसऱ्या भागासाठी त्याचे प्रसंग चित्रित झाले होते, संकलनात गेले, आणि ते कापणं फार जड गेलं असं दिग्दर्शकाने स्वतः सांगितलं. हे तुमच्या कामाचं नाही.) २००० साली आलेल्या तीन भागांच्या टीव्ही मालिकेत मेजवानी आहे आणि पुस्तकातलं इतरही बरंच काही आहे. पण त्या मालिकेतलं वाळवंट रंगवलेल्या पडद्यांचं आहे हे दिसतं, म्हणून ती आपल्याला चालत नाही. आपल्याला सगळं पुस्तक हवं, डोळे दिपवणारं हवं आणि फार लांबलेलंही नको. विलनवचे दोन भाग मिळून पाच तास एकवीस मिनिटं होतात. ते एकाच दमात घाईघाईत उरकलेले आणि कंटाळवाणे आहेत असं म्हणता आलं पाहिजे. सरावाने जमतं.

पाचवी सूचना सर्वांत महत्त्वाची. कुठल्याही झालेल्या सिनेमाची स्तुती करायची नाही. स्तुती करायची ती न झालेल्या सिनेमाची.

सत्तरच्या दशकात अलेहांद्रो होदोरोव्स्की या दिग्दर्शकाने 'ड्यून' करायला घेतला होता. चित्रकथाकार मोबियसने एकेक दृश्य चितारलेलं, चित्रकार एच. आर. गीगरने हार्कोनेन या खलनायकी घराण्याचं जग रेखाटलेलं, संगीताला पिंक फ्लॉइड हा रॉक बँड, त्या घराण्याचा प्रमुख बॅरन म्हणून ऑर्सन वेल्स, सम्राट म्हणून साक्षात चित्रकार साल्वादोर दाली, आणि त्याचं मागणं तासाला एक लाख डॉलर. चित्रांचा तो जाडजूड ग्रंथ हॉलिवूडच्या स्टुडिओंकडे फिरला, पैसे कुणी दिले नाहीत, सिनेमा बारगळला. हे सांगताना आवाज घोगरा करायचा. "तो झाला असता ना..." इथे थांबायचं. डोळे छताकडे.

आता तो झाला असता तर काय झालं असतं, ते जरा बघू. पुस्तकातला एक स्वल्पविराम हलला तरी ज्यांच्या छातीत कळ येते, त्यांच्याच या लाडक्या सिनेमात ड्यूक लेटो नपुंसक केलेला होता आणि पॉलचा जन्म बापाच्या रक्ताच्या एका थेंबातून व्हायचा होता. शेवटी पॉल मरणार होता. हो, मरणार! मग त्याचं चैतन्य सगळ्यांत शिरणार आणि तो आख्खा वाळवंटी ग्रह हिरवागार होऊन अंतराळात फिरायला निघणार. हा प्रकल्प धरला तेव्हा पुस्तक वाचलंच नव्हतं, असं होदोरोव्स्कीने स्वतः हसत हसत सांगितलंय, या बारगळलेल्या सिनेमावरच्या २०१३ सालच्या माहितीपटात, कॅमेऱ्यासमोर. तो माहितीपट तुम्हीच मला आग्रहाने दाखवला होतात ना? मग तिथे कान कुठे होते तुमचे? मला त्या माणसाबद्दल तक्रार नाही. तो वेडा होता, मोठा होता, आणि आपण कादंबरी मोडूनतोडून आपलं काहीतरी करतोय हे त्याने कधी लपवलं नाही. लपवता तुम्ही. विलनवने पर्यावरणतज्ज्ञ कायन्सचं पात्र बाईला दिलं तर मूळ कलाकृतीची विटंबना, आणि नायकाला मारून ग्रह फिरायला पाठवला तर दिव्य दृष्टी? कारण साधं आहे. न झालेला सिनेमा कुणी तिकीट काढून बघू शकत नाही. शेजारची पोरंटोरं तो बघून आवडला असं म्हणू शकत नाहीत. तो कायम तुमच्या एकट्याच्या मालकीचा.

असो. सूचना चालू ठेवतो.

सहावी. लिंचचा सिनेमा चाळीस वर्षं भंगारात काढलात, आता नव्याला झोडपायला हवा म्हणून त्याला अभिजात म्हणा.

हे म्हणताना शेवटच्या पावसाबद्दल बोलू नका. लिंचच्या सिनेमात पॉल जिंकतो आणि अराकिसवर धो धो पाऊस पडतो. कादंबरीत त्या किड्यांना पाणी म्हणजे विष. किडे गेले की स्पाइस गेलं, स्पाइस गेलं की ताऱ्याताऱ्यांमधला सगळा प्रवास ठप्प. म्हणजे विजयाच्या क्षणी नायकाने साम्राज्याचाच गळा दाबला, आणि सगळे कौतुकाने आभाळाकडे बघतायत. याहून मोठा बदल कुठल्याच रूपांतरात नसेल. पण तो जुना आहे, म्हणून माफ.

सातवी. घरी सिनेमा बघायला बोलावलं तर रिमोट आपल्या हातात ठेवा.

ही सूचना परवाच शिकलो. माझी भाची सोळा वर्षांची आहे. पहिला भाग तिने एकटीने पाहिला, वेडी झाली, आणि माझ्या कपाटातली कादंबरी काढून शंभरेक पानं वाचूनही टाकली. दुसरा भाग आमच्याकडे सगळ्यांबरोबर बघायला बसली. रिमोटधारकाने दर दहा मिनिटांनी सिनेमा थांबवून पुस्तकात इथे काय आहे ते सांगितलं. पुढे काय होणार तेही सांगितलं, तिसऱ्या कादंबरीपर्यंतचं. पोरगी बिचारी ऐकत होती. सिनेमा संपल्यावर तिने एकच विचारलं, "चानी रागावून एकटीच निघून जाते ते बरोबरच केलं ना तिने? पुस्तकात पण असंच आहे?"

इतका सुरेख प्रश्न त्या खोलीत कित्येक वर्षांत कुणी विचारला नसेल. पुस्तकात तसं नाही. पॉल राजकारणासाठी सम्राटाच्या मुलीशी लग्न ठरवतो, त्याची प्रेयसी चानी राहते, आणि त्याची आई जेसिका तिची समजूत काढते की इतिहास आपल्यालाच पत्नी म्हणेल. कादंबरी तिथे संपते. हर्बर्टला लोकांना सावध करायचं होतं, तारणहारापासून सांभाळा म्हणून. वाचकांनी पॉललाच डोक्यावर घेतलं. म्हणून १९६९ च्या 'ड्यून मसाया'त त्याने ते पुन्हा ठणकावून सांगितलं. विलनवने हे ध्यानात घेऊन तो इशारा पहिल्याच गोष्टीत आणला आणि चानीच्या तोंडी दिला. ते जमलं की फसलं यावर रात्रभर भांडता आलं असतं. मला स्वतःला अर्धंच जमलंय असं वाटतं; तिच्यावरचा राजकारणाचा भार वाढला आणि प्रेमकथा पातळ झाली. पण हे बोलायला तोंड उघडेपर्यंत चौघांनी पोरीला घेरलं होतं. "चानी अशी नाहीच मुळी." "बाळा, आधी पूर्ण वाच, मग बोलू." "या पिढीला सगळं पडद्यावरच लागतं." मग १९८४ विरुद्ध २०२४. मग छताकडे डोळे, घोगरा आवाज, होदोरोव्स्की. ती केव्हा उठली ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. जाताना कादंबरी टीपॉयवर ठेवून गेली. "मामा, नको, राहू दे," म्हणाली.

आठवी सूचना नाही. पुरे झालं.

अरे, काय मिळवलंत? शंभर पानं आपणहून वाचलेली मुलगी होती ती! तुमच्यापैकी दोघांनी पहिलं पुस्तक अर्ध्यावर सोडून बाकीचं सारांशावर भागवलंय, मला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे की मला माहीत आहे. कुणाची इस्टेट सांभाळताय? हर्बर्टची? त्याला तर लिंचचा सिनेमा बराचसा आवडला होता. त्या पावसावर मात्र त्याने बोट ठेवलं, की पॉल हा देवाचं सोंग घेतलेला माणूस आहे, पाऊस पाडणारा देव नव्हे. ज्याने लिहिलं त्याला एवढ्यावर समाधान मानता आलं आणि तुम्हाला मेजवानी नाही म्हणून झोप येत नाही! वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारलेली कादंबरी ही. शेवटी १९६५ साली छापली ती गाड्यांच्या दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाने. सुरुवातीला खप बेताचाच होता. वाढली ती एकाने वाचून दुसऱ्याला "हे वाच" म्हटल्यामुळे. तेव्हा तुम्ही असतात तर दुसऱ्याच्या हातात ती पोचलीच नसती. तुम्ही दारातच परीक्षा घेतली असतीत.

सिनेमा आवडला नाही तर आवडला नाही म्हणा, कारण द्या, भांडा. मीही भांडेन. पण आवडलेल्या माणसाला ओशाळवाणं करून घरी पाठवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? आणि आता विलनव 'मसाया'वर तिसरा भाग करतोय, तर त्याचीही यादी आतापासूनच तयार असेल तुमच्याकडे, काय गाळलं त्याची. असू दे. मी भाचीला घेऊन जाणार आहे, ती आली तर. तुम्ही यायचं असेल तर मागच्या रांगेत बसा, तोंड बंद ठेवा, आणि सिनेमा संपल्यावर तिने काही विचारलंच तर आधी तिचं वाक्य पूर्ण होऊ द्या.