म्हापसेकरांना उत्तर: पैसा मालकाचा, भाव कोणाचा?

म्हापसेकरबाब, नमस्कार. (नाव दिलं नाहीत, खाली 'म्हापसा' एवढंच लिहिलंत, म्हणून बारसं मीच केलं.)

मालकाशी संबंधित कंपनीचा स्पॉन्सरशिपचा सौदा बाजारभावानेच हवा, हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा नियम. त्यावरून अबुधाबीच्या मालकीची मँचेस्टर सिटी आणि लीग यांच्यात झालेल्या भांडणावर मी लिहिलं, त्यावर तुमची सणसणीत प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा: लवादाने नियम बेकायदा ठरवला तरी मी सिटीलाच झोडपलं, मालकाचा पैसा, मालकाची मर्जी, लीगने त्यात नाक खुपसू नये, आपले गोव्याचे क्लब धेंपो-साळगावकर तरी कोणाच्या पैशावर चालले, आणि माझा खरा राग लंडन-मँचेस्टरचा नाहीच, तो मुंबई सिटीचा आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो खरा आहे. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी या आपल्याकडच्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. प्रशिक्षक लोबेराला एफसी गोवाने स्वतःच २०२० च्या सुरुवातीला काढलं, तो दोष मुंबईचा नाही. पण तो मुंबईला गेला, आणि त्याच्यापाठोपाठ फाल, जाहू, बुमूस आणि आपला मंदार राव देसाई असे एकेक करून तिकडे गेले. मग करोनामुळे तो अख्खा मोसम गोव्यातच खेळला गेला, आणि बांबोळीच्या रिकाम्या स्टेडियमवर सेमी-फायनलला पेनल्टींवर आपण त्याच माणसांकडून हरलो. राग येणार नाही तर काय? पण त्यात नियमबाह्य काही नव्हतं. खेळाडू जास्त पगाराकडे जातात. त्या रागाचा या नियमाशी संबंध नाही, म्हणून तो लेखातही नव्हता.

आता मालकाची मर्जी. हा नियम मालकाला पैसा घालायला मना करत नाही, हे तुम्ही लक्षातच घेतलं नाही. या वादाच्या काळात प्रीमियर लीगमध्ये क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०५ दशलक्ष पाउंडांपर्यंत तोटा चालायचा, त्यापुढे नाही. तोट्याची आपापली मर्यादा ओलांडली म्हणून २०२३-२४ मध्ये एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण कापले गेले. आता समजा मालक गब्बर आहे, पण थेट पैसा ओतून तोटा भरायची सोय नाही. मग त्याच्याच घरच्या कंपनीने शर्टावर नाव टाकायचं आणि बाजारात जे दहाला मिळतं त्याचे पन्नास मोजायचे. वहीत ते उत्पन्न म्हणून चढतं. तोटा दिसत नाही, खेळाडू घेता येतात. हे होऊ नये म्हणून लीग विचारते: हा सौदा तिऱ्हाईत कंपनीने केला असता तर किती दिले असते? तेवढे घ्या, खुशाल घ्या.

आपल्याकडे देवळात पावणी, म्हणजे लिलाव, होते ना, तिथे एक नारळ हजाराला जातो. घेणारा श्रद्धेने घेतो, कोणी नाक मुरडत नाही. पण दुसऱ्या दिवशी तोच भाव धरून कुळागराची (नारळ-पोफळीच्या बागेची) कमाई दाखवून कोणी बँकेत कर्ज मागायला गेला, तर मॅनेजर काय म्हणेल?

शिवाय नियम होता तेव्हाही सिटीच्या शर्टावर अबुधाबीची विमान कंपनी एतिहादच होती, आणि न्यूकॅसलच्या शर्टावर २०२३ पासून तिच्या सौदी मालकांशी जोडलेली सेला ही कंपनी आली. मालकाशी नातं असलेला स्पॉन्सर चालतोच, प्रश्न फक्त भावाचा.

लवादाचं म्हणाल तर 'सिटी जिंकली' हे वाक्य तुम्ही फार घाईने लिहिलंत. ७ ऑक्टोबर २०२४ ला निकाल बाहेर आला, त्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सिटीवाला फटाक्यांचे स्टिकर टाकत होता आणि आर्सेनलवाला 'लीग जिंकली' म्हणून त्याच निकालाचे फोटो टाकत होता. दोघेही अर्धे बरोबर. मालकाशी संबंधित सौदे बाजारभावाने तपासण्याची व्यवस्था असावी, हे लवादाने मान्य केलं. बेकायदा ठरल्या त्या दोन-तीन गोष्टी, आणि त्या किरकोळ नव्हत्या. एतिहाद आणि फर्स्ट अबुधाबी बँक यांचे सौदे लीगने अडवले, पण कोणत्या सौद्यांशी तुलना करून भाव जास्त ठरवला, ती माहिती सिटीला निर्णयाआधी दाखवलीच नव्हती. तुमच्या जमिनीची किंमत सरकारने ठरवली आणि शेजारच्या सर्व्हे नंबरचे व्यवहार मात्र बघू दिले नाहीत, तर तुम्ही कोर्टात जाल. सिटी गेली, बरोबर केलं. ते दोन्ही निर्णय रद्द झाले.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती मला सगळ्यात वजनदार वाटते. मालकाने क्लबला बिनव्याजी कर्ज दिलं, तर ते या तपासणीतून सरळ बाहेर. बाजारात असं कर्ज कोण देतं? आर्सेनल, ब्रायटन, एव्हर्टन यांच्या वहीत अशी मोठी कर्जं होती. म्हणजे अबुधाबीने स्पॉन्सरशिपच्या दाराने दिलेल्या पैशाची झडती, आणि अमेरिकन मालकाने कर्जाच्या दाराने दिला तर सलाम. लवादाने हे चालवून घेतलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लीगने कर्जं आत घेऊन नियम बदलला, १६ विरुद्ध ४ मतांनी. विरोधात सिटी, न्यूकॅसल, अॅस्टन व्हिला आणि फॉरेस्ट. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये जुना नियम पूर्ण रद्दबातल ठरला. आणि नियमाचा जन्म डिसेंबर २०२१ चा, न्यूकॅसल सौदीकडे गेल्यावर दोनेक महिन्यांत. या घाईमागे कोणाची भीती होती हे सांगायला ज्योतिषी नको.

तरीही 'बहुमताची हुकूमशाही' हा सिटीने वापरलेला शब्द तुम्ही झेंड्यासारखा नाचवलात, तो मला पटत नाही. वीस क्लबांपैकी चौदांनी हात वर केले की नियम होतो, ही पद्धत सिटीला आधीपासून ठाऊक होती.

माझा मूळ मुद्दा मात्र क्लबपेक्षा आपल्यासारख्या चाहत्यांबद्दल होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये लीगने सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे आरोप लावले (तेच ते ११५) आणि पुढच्याच घरच्या सामन्याला सिटीच्या स्टँडमध्ये क्लबच्या वकिलाचा, लॉर्ड पॅनिक यांचा फलक झळकला. मजा म्हणून ठीक. पण १९९९ मध्ये तिसऱ्या स्तरात, वेम्बलीवर जिलिंगहॅमविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना जे लोक जागेवरून हलले नाहीत, त्यांनी दोन बड्या पक्षांच्या हिशेबाच्या भांडणात टाळ्या वाजवायच्या? त्याच लोकांनी एप्रिल २०२५ मध्ये तिकिटांच्या प्रश्नावर लेस्टरविरुद्धच्या सामन्याला नऊ मिनिटं उशिरा आत जाऊन निषेध केला. ते भांडण त्यांचं स्वतःचं होतं.

आणि धेंपो-साळगावकर. हे उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं केलंत. २००७-०८ ते २०१२-१३, देशातल्या तेव्हाच्या अव्वल आय-लीगची सहाच्या सहा विजेतेपदं गोव्याकडे: धेंपो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. सगळं मालकांच्या जिवावर, कोणी लपवलं नाही. छातीवर नावच मालकाचं, त्याला स्पॉन्सरशिप म्हणायची गरजच नव्हती. मला त्या पैशाबद्दल कृतज्ञताच आहे. पण २०१६ मध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशनने आय-लीगला खालच्या दर्जावर ढकलणारा आराखडा आणला, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही लीगमधून बाहेर पडले. कारण रास्त होतं, माझा मालकांवर आरोप नाही. पण फातोर्ड्याच्या स्टेडियमवर तिकीट काढून येणाऱ्या माणसाला कोणी विचारलं? त्याला पेपरात कळलं. मालकाची मर्जी म्हणताना तिची ही बाजूही धरा. क्लब स्वतःच्या कमाईवर किती उभा आहे आणि मालकाच्या खिशावर किती, हे वहीत खरं दिसावं, एवढंच मी मागतो. सिटीचं, आर्सेनलचं, एफसी गोवाचंही.

तुम्ही विचारलंत, हा सगळा वाद कोण जिंकलं? सिटीने सुधारलेल्या नियमालाही आव्हान दिलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोड झाली, सध्याचे नियम वैध आणि बंधनकारक आहेत हे सिटीने मान्य केलं, आणि दोघांनीही यापुढे बोलणार नाही म्हणून कळवलं. अटी जाहीर नाहीत. ग्रुपवरच्या त्या दोघांचं भांडण मात्र अजून चालू आहे.

एक राहिलंच. तुम्ही मध्येच '११५ आरोपही असेच पडतील' असं ठोकून दिलंत. ते प्रकरण वेगळं आहे, त्याची सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र झाली, आणि तिथला मुख्य वाद नियम चांगला की वाईट हा नसून सिटीने दिलेली माहिती खरी होती का, हा आहे. स्पॉन्सरशिपच्या निकालावरून त्याचा अंदाज बांधू नका, मीही बांधलेला नाही.