दोर धुणारी माणसं

क्रॉस-कंट्री स्की, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून दूरवर घसरत जाण्याचा खेळ. त्याचा क्लब निव्वळ स्वयंसेवकांवर कसा चालतो, हे तुमच्या लेखात छान मांडलंय. पट्ट्या सरळ पुढे सरकवायच्या क्लासिक शैलीसाठी बर्फात दोन समांतर खाचा पाडायच्या, पट्ट्या तिरक्या बाहेर ढकलायच्या स्केटिंग शैलीसाठी रुंद सपाट पट्टा ठेवायचा, तेही लोक यायच्या आत!

ठाण्यात आमच्या गिर्यारोहण संस्थेचंही असंच आहे. मुंब्र्याच्या कातळावर सराव झाला की फोटो सगळ्यांचे येतात, दोर धुवायला मात्र ठरलेली चार माणसं. साध्या पाण्यात धुवून तो सावलीतच वाळवायचा, कारण उन्हाने नायलॉन कमजोर होतं. मग वीत-वीत बोटांनी चाचपायचा. कुठे पोकळ, चपटा लागला की बाद. हीच चार माणसं दमली की संस्था बसते. म्हणून नव्या सभासदाला पहिल्याच महिन्यात एक नेमकं काम द्यावं, असं माझं ठाम मत आहे. ट्रेकमध्ये सगळ्यांच्या मागे राहून कुणी सुटलं नाही ना हे बघणं, हेही शिकवावंच लागतं.

खजिनदाराबद्दल लेखात दोनच ओळी आहेत, त्यावर कृपया सविस्तर लिहा. आमच्याकडे प्रत्येक मोहिमेचा हिशेब लगेच सगळ्यांपुढे ठेवतात. उरलेले पैसे पुढच्या दोरासाठी.