गोट्या आहेत, नावं नाहीत

सकाळी सकाळी एका मित्राने व्हिडिओ पाठवला. एक गृहस्थ पांढरे हातमोजे घालून पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' या आल्बमची ती २०११ सालची 'इमर्शन' पेटी, म्हणजे चाहत्यांसाठी काढलेला बडा संच, उघडतायत. आमच्याकडे सत्यनारायणाला एवढं सोवळं पाळत नाहीत. एकेक वस्तू काढून कॅमेऱ्यासमोर धरतायत. डिस्क, पुस्तक, मग स्कार्फ, मग कपाखाली ठेवायच्या चकत्या, आणि शेवटी, खोटं नाही सांगत, काचेच्या गोट्या. गोट्या! पन्नाशी उलटलेल्या बाप्याला हजारो रुपयांत गोट्या.

आधी हसलो. मग चहा घेता घेता जी सटकली ती अजून जागेवर आलेली नाही, म्हणून लिहितोय. लांबणार आहे. घाईत असाल तर पुढे जा.

मला पेट्यांचा राग नाही. माझ्याकडेही आहेत. किती आहेत ते बायकोला माहीत नाही, आणि ती फेसबुकवर नाही हे माझं नशीब. राग याचा आहे की या पेट्यांत सगळं सापडतं. रद्द झालेले टेक, मधलं खोकणं, चेष्टामस्करी, घरी टेपवर गुणगुणलेली कच्ची चाल. 'डार्क साइड' संपता संपता जो माणूस बोलतो, तो ॲबी रोड स्टुडिओचा दरवान, जेरी ओ'ड्रिस्कॉल. दरवानाचं नाव जगभरच्या चाहत्यांना पाठ आहे. असावंच. माझं काही म्हणणं नाही.

आता दुसरी गोष्ट ऐका. ऑक्टोबर १९७२. लेड झेपेलिन या रॉक बँडचा जपान दौरा आटोपून त्यांचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन स्वतःचीच दोन गाणी पुन्हा वाजवली, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. तबला, सतार, व्हायोलिनचा अख्खा ताफा. ती टेप त्रेचाळीस वर्षं पडून राहिली आणि २०१५ साली त्यांच्या 'कोडा' आल्बमच्या तीन डिस्कच्या डिलक्स आवृत्तीत एकदाची बाहेर आली. पेजने स्वतः लक्ष घालून काढलेली मालिका, छपाई सुरेख, आवाज झकास. आणि गाण्यांच्या यादीत वादकांच्या जागी काय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. झालं. जसं काही मुंबई नावाच्या एकाच माणसाने सगळी व्हायोलिनं वाजवली.

ही दोन गाणी मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या अंकलना ऐकवली होती. माहीमची जुनी बिल्डिंग, अंकल मूळचे गोव्याचे, सासष्टीकडचे. पन्नासच्या दशकात व्हायोलिनची पेटी घेऊन मुंबईत आले आणि तीसेक वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवत राहिले. तुम्ही-आम्ही ज्या गाण्यांवर वाढलो त्यातल्या कितीतरी गाण्यांत अंकल आहेत. कुठल्या, ते त्यांनाही धड सांगता येत नसे. "सकाळी जायचं, समोर नोटेशन असायचं, वाजवायचं, व्हाउचरवर सही करायची, घरी यायचं. पिच्चरचं नाव कोण विचारतो रे?"

तर त्यांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं, मी हेडफोन लावून दिला आणि 'फ्रेंड्स' सुरू केलं. चेहरा कोरा. मग डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनवर चालायला लागली. गाणं संपलं. म्हणाले, "परत लाव." परत लावलं. "परत." तिसऱ्यांदा मध्येच बोट वर केलं आणि कोकणीत म्हणाले, "हांव हाका वळखतां." ह्याला मी ओळखतो. मागच्या रांगेत कुणीतरी बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, किंचित उशिरा उचलत होता म्हणे. मला काही ऐकू आलं नाही, आजही येत नाही. मी विचारलं, कोण? अंकल बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. नाव येईना. त्या माणसाच्या बायकोचं नाव आठवलं, तिच्या हातच्या सोरपोतेलची आठवण निघाली, ते वसईला राहायचे हेही आठवलं. नाव नाही.

आता कुणीतरी म्हणणार, त्यांना पैसे मिळाले होते ना! मिळाले असतील. आणि त्या दिवशी कोण कोण आलं होतं याची नोंद कुठे असेलच असंही नाही, हेही कबूल. पण मग पेट्यांबरोबरच्या पुस्तिकांमध्ये तीन-तीन हजार शब्दांचे निबंध लिहिणाऱ्यांनी एक तिकीट काढून मुंबईत येऊन विचारायचं होतं. २०१५ मध्ये यातले काही जण नक्की हयात होते. त्यांना ओळखणारा एकजण तर आमच्या खालच्या मजल्यावरच होता की!

आणि करता येतं हो. बीटल्सचंच बघा. त्यांच्या 'रिव्हॉल्व्हर' आल्बममधल्या 'लव्ह यू टू'ला तबला आहे, एप्रिल १९६६ मध्ये लंडनला वाजवलेला. रेकॉर्डच्या पाठीवर त्याच वर्षी नाव छापलं, अनिल भागवत. २०२२ च्या पेटीत त्याच गाण्याचा पहिला टेक आहे, तालीम आहे, सगळं घडताना ऐकू येतं. सिनेदिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या माणसांनी एकाच ट्रॅकवर चिकटलेली वाद्यं संगणकाने सुटी केली आणि निर्माता जाइल्स मार्टिनने ती नव्याने मांडली. मी या रिमिक्स प्रकाराच्या विरोधात होतो. ऐकल्यावर गप्प बसलो. चांगलं आहे.

पण पुढच्याच वर्षी बीटल्सचाच 'सार्जंट पेपर' आल्बम, त्यातलं 'विदिन यू विदाउट यू' हे गाणं, आणि लंडनमधलेच भारतीय वादक. त्यांची नावं पुढे यायला २०१७ उजाडलं. अ‍ॅना जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी. पन्नास वर्षं. त्या मुखपृष्ठावर मेणाचे पुतळे आहेत, खेळण्यातली बाहुली आहे. गाण्यात दिलरुबा वाजवणाऱ्याचं नाव तेवढं बसलं नाही.

बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनला मात्र मी सोडतो. जानेवारी १९६८ मध्ये तो फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत करत होता. मुंबईत स्टिरिओ मशीन नव्हतं म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनननी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचं मशीन आणवलं. हे तेच मेनन, ज्यांनी पुढे अमेरिकेत ती 'डार्क साइड' खपवली, गोट्यावाली. स्टुडिओला बाहेरचा आवाज थोपवायची काही सोय नाही. साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पावलांचा धडधडाट टेपवर यायचा, म्हणून रेकॉर्डिंग थांबवावं लागे. नीट कान दिला तर टॅक्सीपण ऐकू येते, असं जॉर्जनेच सांगून ठेवलंय. मी नीट कान दिलाय. एका ठिकाणी मला हॉर्न ऐकू येतो. बायको म्हणते तो खालच्या रस्त्यावरचा आहे.

त्या रेकॉर्डवर नावं आहेत. संतूरला शिवकुमार शर्मा, बासरीला एस. आर. केंकरे, तार-शहनाईला विनायक व्होरा. आणि त्याच दिवसांत इथेच वाजवलेलं 'द इनर लाइट', जे पुढे बीटल्सच्या 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला लागलं. 'व्हाइट आल्बम'च्या २०१८ च्या पेटीत त्याचा सहावा टेक आहे, नुसती वाद्यं, गाणारा नाही. बीटल्सच्या अधिकृत पेटीतला एक तुकडा, ज्यात बीटल्सपैकी कुणीच वाजवत नाही. फक्त फोर्टातली ती खोली. हे ऐकलं की माझा पेट्यांवरचा सगळा राग उतरतो, खरं सांगतो. एवढ्यासाठी घ्याव्यात त्या. गोट्या मुलांना द्या.

आणि गोऱ्यांना शिव्या घालून झाल्यावर आपल्याकडे बघायला नको का? अंकलनी तीस वर्षं वाजवलं त्यांपैकी एका तरी तबकडीवर त्यांचं नाव आहे? संगीतकार, गीतकार, गायक. संपलं. मागे बसलेली चाळीस माणसं म्हणजे फर्निचर. लेड झेपेलिनने निदान 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' तरी लिहिलं. आपण तेवढंही नाही. हे लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं, आता आलंय आणि आता मला जास्त राग आलाय.

अंकल जाऊन चार वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना ते नाव आठवलं नाही. मधूनच जिन्यात भेटले की मीच विचारायचो, "अंकल, आठवलं?" ते मान हलवायचे. एकदा रात्री साडेदहाला बेल वाजवली. बनियनवर, हातात काठी, दम लागलेला. मला वाटलं तब्येत बिघडली. म्हणाले, "त्याच्या कुत्र्याचं नाव टायगर."

तर माझ्या यादीत वसईचे, वांद्र्याचे, मडगावचे बरेच लोक आहात. १९७२ मध्ये सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवणारे, वसईला राहणारे, बो जरा उशिरा उचलणारे, घरी टायगर नावाचा कुत्रा. कुणाचे आजोबा?